मजुरी वेगळी, खैरात वेगळी

आमचा भाचा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा मित्रांबरोबर हिमालयात ट्रेकला जायचे ठरले आणि घरात ईदच्या आदल्या दिवसासारखी धावपळ सुरू झाली. त्याच्या अम्मीने चिवडा, खजूर, बेसनाचे लाडू, तीन स्वेटर, एक जाड गोधडी, औषधांचा डबा आणि ‘तिकडे पाणी थंड असते’ म्हणून मोठा थर्मास असे सगळे एका बॅगेत कोंबले. बॅग दोन जिने उतरवताना आमचीच दमछाक झाली. खाली रद्दीवाल्याच्या काट्याला ती लटकवली. साडेसतरा किलो भरली.

भाचा म्हणाला, “मामू, तुम्ही कशाला काळजी करता? तिथे पोर्टर असतो. त्याचे पैसे भरलेत आम्ही.”

आमचे अब्बा खाटेवर बसून हे सगळे ऐकत होते. वय ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत आहेत. त्यांनी विचारले, “आणि पोर्टरचं स्वतःचं अंथरूण कोण उचलतं?”

भाच्याकडे उत्तर नव्हते. खरे तर आमच्याकडेही नव्हते. या महिन्यात दुसऱ्याच विषयावर लिहायचे ठरले होते, पण अब्बांचा तो प्रश्न डोक्यातून जाईना.

अब्बांना हे विचारायचा हक्क आहे. कोकणातून बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरलेला हा मुलगा 1964 साली दाणा बंदरच्या एका धान्याच्या पेढीवर मेहता म्हणून लागला. रोजमेळ लिहायचा, पोती मोजायची, हमालीचा हिशेब करायचा, हे त्यांचे काम. त्या काळी धान्याचे पोते शंभर किलोचे असे. डोक्यावर चुंबळ, पाठीवर पोते, आणि ट्रकपासून वखारीपर्यंत टाकलेल्या अरुंद फळीवरून माणूस चालत जाई. अब्बा सांगतात, फळी वाजायची त्यावरून आम्हाला न पाहता कळायचे कोण चाललाय.

पैसे पोत्यामागे ठरलेले. ते मुकादमाच्या हातात पडायचे आणि तो टोळीत वाटायचा. यात गंमत अशी की हमाल नेमका कोणाचा नोकर, हे कोणालाच सांगता येत नसे. शेठ म्हणायचे, आमचा कसला, तो मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणायचा, मी कोण मालक, मी पण पोतीच उचलतो. आज या पेढीवर, उद्या पलीकडच्या गल्लीत. मग फळीवरून पाय घसरून कोणी पडला की त्याचे काय व्हायचे? अब्बांच्या शब्दांत, “दुसऱ्या दिवशी वहीत त्याचं नाव नसायचं. बस.”

शेठ वाईट माणूस नव्हता, हेही अब्बा आवर्जून सांगतात. दिवाळीला मिठाई, ईदला मुसलमान हमालांना कापड, कोणाच्या मुलीचे लग्न असले तर हातावर काही रक्कम. लोक दुवा द्यायचे. पण पडलेल्या माणसाच्या घरी पुढल्या महिन्यात चूल कशी पेटते, याची नोंद कुठल्याच खतावणीत नव्हती, कारण ते देणे कोणाचेच नव्हते.

हे बदलले ते सातारा जिल्ह्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे. पाटलांनी डोक्या-पाठीवर ओझे वाहणाऱ्या या माणसांची, म्हणजे माथाडींची, संघटना बांधली, संप केले, आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आला. अशा प्रकारचा देशातला हा पहिला कायदा मानतात. त्यातली युक्ती साधी आहे, म्हणूनच ती आपल्या वाचक भगिनींनीही समजून घ्यावी असे वाटते. मालक कोण हा वादच कायद्याने बाजूला ठेवला. मध्ये एक मंडळ उभे केले. व्यापाऱ्याने मंडळाकडे नाव नोंदवायचे, हमालानेही नोंदवायचे. मजुरी हमालाच्या हातात न देता मंडळात भरायची, आणि तिच्यावर ठरलेल्या टक्केवारीने आणखी एक रक्कम भरायची. तिला बाजारात सगळे लेव्ही म्हणतात. मंडळ महिन्याच्या महिन्याला हमालाला मजुरी देते, आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी, दुखापतीची भरपाई भागते. माणूस आज या पेढीवर असो की त्या, त्याचे खाते एकच.

अब्बा तेव्हा चिडले होते, हे ते हसत कबूल करतात. दोन वह्या लिहाव्या लागत. शेठ तर महिनाभर कुरकुरत होते: आम्ही ईद-दिवाळीला देत नव्हतो का? पण वर्षभराने एक म्हातारा हमाल काम सोडून गावी निघाला, तेव्हा पेढीवर शेवटचा सलाम करायला आला. पूर्वी असे निघणारे लोक सलाम करून तिथेच थोडे उभे राहायचे. शेठ खिशात हात घालतील म्हणून. हा उभा राहिला नाही. चहा घेतला आणि गेला. अब्बा हे सांगताना दर वेळी थांबतात.

पुढे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले आणि त्यांच्यामागे हमालही. आज कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहती आहेत, त्यांचे रुग्णालय आहे. पोत्याखाली वाकलेल्या बापाची मुले तिथे शिकून मोठी झाली. सगळे गोड आहे असे नाही. माथाडीच्या नावाखाली कारखानदारांना धमकावून पैसे उकळणारेही निघाले, त्यांच्यामुळे कायद्याचीच बदनामी झाली, आणि 2023 साली सरकारने दुरुस्तीचे विधेयक आणले तेव्हा खरे हमाल पुन्हा रस्त्यावर उतरले. खोटा माणूस रांगेत घुसला म्हणून रांगच मोडायची की काय, असे आम्हाला विचारावेसे वाटते. पण तो वाद इथे लांबवत नाही. कारण आम्हाला लिहायचे आहे ते आमच्याच घरातले.

दोन वर्षांपूर्वी लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली. ऑक्टोबरच्या उकाड्यात सामान हलवायचे होते. ओळखीचा टेम्पोवाला मुकादम घेऊन आला, मुकादम चार माणसे घेऊन. त्यांनी चार हजार सांगितले. आम्ही तीन हजारांवर आणले, आणि आणले याचा आनंद झाला, हेही लिहून टाकतो. आमच्याकडे दादीच्या वेळचे एक लोखंडी कपाट आहे. तिसऱ्या मजल्यावरून चाळीच्या लाकडी जिन्याने ते उतरवायचे. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर कपाट एका बाजूला कलले आणि कठड्याच्या खांबामध्ये एकाचा पंजा चिरडला. त्याने आवाजही केला नाही. कपाट खाली पोहोचल्यावर त्याने हात वर धरला, तेव्हा आम्हाला दिसले.

आम्ही धावपळ केली. हळद लावली, फडके बांधले, पाणी दिले, आणि निघताना पाचशेची नोट वेगळी हातात ठेवली, ‘डॉक्टरला दाखव’ म्हणून. आमच्या बेगमला वाटले चांगले केले. आम्हालाही वाटले. रात्री नव्या जागेत झोपताना मन शांत होते.

सहा महिन्यांनी तोच टेम्पोवाला परळ नाक्यावर भेटला. इकडचे तिकडचे बोलता बोलता म्हणाला, तो तुमच्या कपाटवाला, त्याची दोन बोटं मोडली होती, प्लास्टर घातलं, तीन आठवडे घरी बसला. मुकादमाने दुसरा माणूस घेतला. आम्ही ‘अरेरे’ म्हटले. घरी येऊन ही गोष्ट सांगितली तर अब्बांनी विचारले, “तुम्ही किती दिले होते?”

“पाचशे. वर.”

“ती खैरात झाली. हिशेब कुठं आहे?”

आम्ही थोडे दुखावलो. रमजानमध्ये आमच्याकडून रेशनची पाकिटे जातात. जकात पै न पै काढली जाते. मशिदीच्या डब्यात, मदरशाच्या पावतीत आमचा हात आखडता नसतो. पण अब्बा त्याबद्दल बोलतच नव्हते. ज्या माणसाचा हात आमच्या कपाटाखाली आला त्याच्याशी आमचा व्यवहार होता, आणि व्यवहाराचे देणे दानाच्या खात्यातून फिटत नाही. मोलकरणीच्या पगारात जकातीचे पैसे धरता येत नाहीत, हे आपल्याला कुठलेही मौलाना सांगतील. तोच नियम हमालाला लागू आहे, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. कारण तो एका तासासाठी येतो, आणि आपल्याला त्याचे नाव माहीत नसते.

मजुरी द्यायला उशीर करू नये ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात अनेकदा ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली आहे, ती कमी ऐकू येते: हाताखालच्या माणसावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे लादू नये, आणि लादावेच लागले तर आपण स्वतः हात लावावा. हजरत मूसा (अलै.) मदयनला पोहोचले आणि मजुरीला राहिले, तो प्रसंगही आठवा. तिथे आधी मुदत ठरली, आठ वर्षे, आणि दहा केली तर ती तुमची मर्जी. ज्याने कामावर ठेवले त्याने स्वतःच सांगितले की मला तुम्हाला कष्टात टाकायचे नाही. अटी पहिल्यांदा, काम नंतर. आणि आम्ही? आम्ही अट एकच ठरवली होती, ती रकमेची. कपाटाचे वजन किती, जिना केवढा, लागले-खुपले तर कोणाकडे, यातले काही बोललोच नव्हतो.

अब्बांनी याहून जुनी एक आठवण सांगितली. 1995 पर्यंत मुंबईहून हजला जहाजे जात. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात गावोगावचे हाजी उतरलेले असत, एकेकाबरोबर दोन-दोन लोखंडी ट्रंका, आट्याचे डबे, तांदूळ, स्टोव्ह. निरोप द्यायला अख्खे गाव. दारात सदक्याचे पैसे वाटले जात, आणि त्याच दारात ट्रंक बंदरापर्यंत न्यायला आलेल्या हमालाशी हुज्जत चाले. “अल्लाहच्या घरी निघालेला माणूस चार आण्यांसाठी भांडताना मी डोळ्यांनी पाहिलाय,” अब्बा म्हणाले. सदका घेणारे दुवा देत होते. ट्रंक उचलणारा मान खाली घालून निघून गेला.

दादर स्टेशनवर लाल शर्ट आणि दंडावर पितळी बिल्ला लावलेली माणसे दिसतात, त्यांचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. बिल्ला रेल्वेचा, पगार मात्र रेल्वेचा नाही. 2008 च्या रेल्वे अर्थसंकल्पात लालूप्रसाद यादवांनी हमालांना गँगमन म्हणून रेल्वेत घेण्याची घोषणा केली, बरेच जण लागलेही. 2016 मध्ये सुरेश प्रभूंनी त्यांना कुलीऐवजी ‘सहायक’ म्हणायचे ठरवले. नाव चांगले आहे. दरम्यान आपल्या सगळ्यांच्या बॅगांना चाके आली, आणि उरला तो जिना. तेवढ्यासाठी आपण त्यांना हाक मारतो, आणि फलकावर दर लिहिलेला असूनही ‘एवढ्याशा जिन्याचे इतके?’ म्हणतो.

डोंगरावरच्या हमालाची गोष्ट आपल्याला वाटते तितकी लांबची नाही. ईदच्या सुट्टीत आपल्यातली कितीतरी कुटुंबे माथेरानला जातात. नेरळहून वर जाणारी ती छोटी गाडी मुंबईच्याच आदमजी पीरभॉय घराण्याने बांधली, 1907 साली ती सुरू झाली, हे मुलांना अभिमानाने सांगावे असे आहे. मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. तिथून बाजारापर्यंतची दोन-अडीच किलोमीटरची लाल मातीची वाट घोडा, हातरिक्षा नाहीतर पायी अशी कापली जाई. बॅगा हमालाच्या डोक्यावर. चढावर तिघे माणसे एका माणसाला हातरिक्षातून ओढत-ढकलत नेत, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे, काहींनी बसून पाहिले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षावर पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे प्रतिष्ठेला शोभत नाही, हे न्यायालयाला सांगावे लागले. डोक्यावरच्या बॅगेबद्दल मात्र कोणी आदेश देणार नाही. ती आपणच हलकी करायची आहे. तीन दिवसांसाठी सात जोड कपडे आणि मिक्सर घेऊन गेलेले एक कुटुंब आम्हाला माहीत आहे. कोण, ते विचारू नका.

आता भाच्याच्या पोर्टरकडे येतो. आम्ही थोडी माहिती काढली. आफ्रिकेत किलिमांजारोच्या वाटेवर पोर्टरच्या पाठीवर वीस किलोची मर्यादा आहे, आणि उद्यानाच्या दारात काट्यावर वजन करतात. पेरू देशाने 2001 साली कायदाच केला, तिथेही वीस. नेपाळमध्ये ट्रेकच्या हमालाला तीस. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 साली प्रौढ पुरुषासाठी पंचावन्न किलोपेक्षा जास्त ओझे नको अशी शिफारस केली होती, ती सपाट जमिनीवर काम करणाऱ्यालाही धरून. तेव्हा दाणा बंदरात शंभर चालू होते.

वजनापेक्षा वाईट गोष्ट थंडीची आहे. आपल्याला वाटते, ते लोक तिथलेच, त्यांना सवय असते. ते खरे नाही. पुष्कळ हमाल खालच्या गावांतले शेतकरी असतात, उंचीवरची विरळ हवा त्यांनाही तितकीच बाधते, आणि अंगावर मात्र साधी चप्पल आणि सुती शर्ट. नेपाळात एका तरुण हमालाला उंचीचा आजार झाला, तेव्हा त्याचा हिशेब चुकता करून त्याला एकट्याला खाली पाठवून देण्यात आले. तो वाचला नाही. त्या मृत्यूनंतर, 1997 मध्ये, काही डॉक्टर आणि गिर्यारोहकांनी हमालांच्या संरक्षणासाठी ‘इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप’ ही संस्था काढली. ‘हिशेब चुकता करून’ हे शब्द अब्बांना वाचून दाखवले तर ते म्हणाले, “आमच्या शेठचीच भाषा.”

मग आम्ही भाच्याला समोर बसवून ट्रेकवाल्यांना फोन लावायला सांगितला. फोनवरच्या मुलीला असे प्रश्न कोणी विचारत नसावे, तिने दोनदा ‘सर, तुमची बॅग सुरक्षित राहील’ असेच उत्तर दिले. भाच्याने पुन्हा विचारले: एका पोर्टरवर किती किलो? त्याला बूट, जाकीट, रात्रीचा तंबू तुम्ही देता का? विमा आहे का? तो आजारी पडला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरते? आमच्याकडून घेतलेल्यातले त्याला रोज किती मिळतात? ती म्हणाली, विचारून सांगते. संध्याकाळी एका पुरुषाचा फोन आला. विमा आहे, तंबू आहे, वजन वीसच्या आत. बुटांचे त्यांनी ‘त्यांचे ते आणतात’ असे सांगितले. खाली कोण उतरते याचे उत्तर गोलगोल होते. भाच्याने ते सगळे मित्रांच्या गटात टाकले. दोघे चिडले, तिकिटे काढून झाल्यावर कशाला हे उकरतोस म्हणून. बाकीच्यांनी घरोघरी जुन्या लोकरी टोप्या आणि मोजे गोळा करायला सुरुवात केली. अब्बांनी त्यातही टोकले: मोजे द्या, पण ते मजुरीत धरू नका.

बॅग पुन्हा उघडली. थर्मास गेला, गोधडी गेली, लाडू निम्मे झाले. अम्मीचा चेहरा उतरला. दहा किलोच्या थोडे वर भरली. ‘ही मीच उचलतो’ असे भाचा म्हणतो आहे. डोंगरावर किती टिकते ते पाहू. परवा रात्री त्याला दादरला पंजाब मेलमध्ये बसवून आलो. जिन्यावर हमाल केला, फलकावरचा दर दिला. तो आमच्याकडे बघतच राहिला, कारण आम्ही काहीच बोललो नव्हतो.

आणि कपाटाचे. अब्बांनी कागद-पेन्सिल मागितली. त्या माणसाची दिवसाची मजुरी सातशे धरली, वीस दिवस, चौदा हजार. आमची बेगम म्हणाली, सगळी जबाबदारी आपली कशी? मुकादम होता, टेम्पोवाला होता. बरोबर आहे. मग अब्बांनी जुन्या नुकसानभरपाई कायद्याचा नियम काढला, 1923 चा: काही दिवस काम बंद पडले तर निम्मी मजुरी आणि औषधपाण्याचा खर्च. सात हजार आणि प्लास्टरचे. दिलेले पाचशे त्यातून वजा करावेत का, यावर जेवताना वाद झाला. अब्बांनी करू दिले नाहीत.

टेम्पोवाल्याला फोन केला आहे. तो माणूस सध्या गावी गेलाय, पावसाळा संपला की येईल, असे म्हणाला. पैसे एका पाकिटात घालून कपाटातच ठेवले आहेत. अब्बांनी आपल्या वहीत देण्याच्या बाजूला ओळ टाकली. नाव लिहायच्या जागी ते थांबले, आमच्याकडे पाहिले. आम्हाला सांगता येईना. मग त्यांनी ‘कपाट, तिसरा मजला’ असे लिहिले आणि पुढे जागा मोकळी सोडली.